नगराची ओळख आणि नागरिकाचा धर्म

वार्षिक उत्सव आटोपला की देवळाच्या सभामंडपात महाजनांची बैठक भरते आणि सरलेल्या वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. तेलवातीला किती लागले, पालखीच्या दुरुस्तीला किती, नैवेद्याच्या तांदळाला किती, हे पैशापैशाने सांगितले जाते. एखाद्या रकमेचा मेळ बसला नाही तर चार माणसे उठून विचारतात. देवद्रव्याविषयीची ही दक्षता आपल्या समाजाचे भूषण होय. परंतु ज्या नगरात ते देऊळ उभे आहे, त्या नगराचा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी कधी मागितला आहे? देवळामागच्या गल्लीत किती घरे आहेत, तेथे पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, हे आपणांस ठाऊक असते काय? आणि नसेल, तर तो केवळ माहितीचा अभाव समजावा की कर्तव्यातील उणीव?

हा प्रश्न मला सुचला तो स्वतःच्या एका चुकीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका देवळाच्या शिखराला रंग देण्यासाठी वर्गणी जमविण्याचे काम मी पत्करले होते. काम चोख झाले, हिशेब बिनचूक लागला. नंतर कळले की देवळामागच्या ज्या विहिरीचे पाणी पाचसात कुटुंबे पीत होती, तिच्यात शेजारच्या गटाराचा पाझर उतरत होता. त्या कुटुंबांकडूनही मी वर्गणी घेतली होती. त्यांच्या दारात उभा राहिलो, पावती फाडली आणि परतलो. विहिरीकडे पाहिले नाही. कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी काही लपविले नव्हते. पाहणे हे माझे काम आहे असे मला वाटलेच नव्हते, एवढेच!

अशा वेळी इंदूरची एक जुनी हकीकत आठवते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ 1914 साली हिंदुस्थानात आले आणि पुढे अनेक नगरांच्या पाहणीत रमले. बडोद्याविषयीचा त्यांचा अहवाल 1916 सालचा; इंदूर दरबारास सादर केलेला दोन खंडांचा अहवाल 1918 सालचा. नगररचनेविषयी त्यांचे सूत्र वैद्याचे होते: आधी निदान, मग उपचार. म्हणून ते गल्लीगल्लीतून पायी हिंडत. विहिरी, तळी, अंगणे, देवळे डोळ्यांखालून घालीत. नकाशावर पट्टी ठेवून दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याची तत्कालीन रीत त्यांना मान्य नव्हती. जेथे एखादे पडके घर काढल्याने वारा व उजेड मिळेल तेथे तेवढेच काढावे, बाकीची वस्ती राखावी, असा त्यांचा आग्रह असे.

परंतु ग्रंथ लिहून नगर बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. इंदूरला तेव्हा प्लेगचे भय होते. गेडिस यांच्या चरित्रांतून अशी हकीकत येते की, दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था त्यांनी आपल्याकडे मागून घेतली आणि जाहीर केले, की ज्या भागांत घरांची सफाई व डागडुजी उत्तम होईल, त्या भागांतून मिरवणूक जाईल. लोक कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, हिवतापाचा डास होता. आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, फुले धारण केलेले सफाई कामगारही होते. अहवालातील निष्कर्ष उत्सवाच्या रूपाने प्रत्येकाच्या दारावरून गेला.

येथे विचारी वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की, नगराची माहिती ठेवणे हे नगरपालिकेचे व तज्ज्ञांचे काम. सामान्य माणसाने शुद्ध हेतूने दानधर्म करावा, तेवढे पुरे. हेतूची शुद्धता मोठी खरी, पण माझ्या वर्गणीचा हेतूही शुद्धच होता. ज्याला देणे आहे त्याची गरज न पाहता दिलेले दान दात्याला समाधान देते. घेणाऱ्याची तहान त्याने भागतेच असे नाही. शिवाय अज्ञान हे पुष्कळदा सोयीचे असते. एकदा कळले की काही करावे लागते. म्हणून आपण कळून घेत नाही. असे अज्ञान निर्दोष म्हणता येईल काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीत माणूस आकडा बनतो. वस्तीचे वर्णन ‘गलिच्छ’ या एका शब्दात होते आणि मग ती पाडण्याची भाषा निघते. हे भय खरे आहे. म्हणूनच नगराचा अहवाल केवळ बाहेरच्या पाहुण्याने लिहून भागणार नाही. जे तेथे राहतात त्यांनी तो सांगितला पाहिजे, वाचला पाहिजे, प्रसंगी दुरुस्तही केला पाहिजे. 2017 साली केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिले आले आणि पुढे सलग काही वर्षे तो मान त्याच नगराकडे राहिला. ते यश अभिनंदनीय आहे. परंतु क्रमांक हे इतरांनी आपल्याला दिलेले प्रशस्तिपत्र. आपल्या गल्लीची ओळख आपली आपणच करून घ्यावी लागते. आणि ज्या सफाई कामगाराला एक दिवस फुले दिली, तो उरलेले दिवस कोठे राहतो, कोणते पाणी पितो, हे विचारल्यावाचून तो सन्मानही पुरा होत नाही.

आपण देवाला प्रदक्षिणा घालतो. देवाचे मुख तर समोरूनच दिसते. तरी आपण मागच्या बाजूने फिरून येतो. तीच प्रदक्षिणा थोडी विस्तारून देवळाच्या परिसराला घालता येणार नाही काय? चार तरुण, एक वही आणि दहावीस संध्याकाळी एवढ्या भांडवलावर विहिरी, गटारे, एकटे राहणारे वृद्ध, शाळा सुटलेली मुले यांची नोंद होऊ शकेल. घरमालकाच्या संमतीने, कोणाची लाज उघडी न पाडता ती करावी. आणि पुढच्या वर्षी सभामंडपात जमाखर्च वाचून झाला की ती वहीही वाचावी.

मेळ न बसलेल्या रकमेसाठी उठणारी ती चार माणसे त्या वेळीही उठतील, तर देवद्रव्याचा हिशेब पुरा झाला असे मी म्हणेन.