वाळूखालचे ताम्रपात्र

एका ब्राह्मणाची जुनी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. नदीत स्नानास उतरण्यापूर्वी आपले तांब्याचे भांडे कोणी नेऊ नये म्हणून त्याने ते काठच्या वाळूत पुरले आणि खूण राहावी म्हणून वर वाळूची एक पिंडी रचली. मागून आलेल्या यात्रेकरूंना वाटले, स्नानापूर्वी पिंडी करणे हा येथील आचारच असावा. प्रत्येकाने एकेक पिंडी केली. ब्राह्मण वर येऊन पाहतो तो सारा काठ पिंड्यांनी भरलेला! आपले भांडे कोणत्या पिंडीखाली आहे, हे त्यालाही सांगता येईना.

या गोष्टीची आठवण होण्यास एक कारण घडले. पालखीनंतर देवळाच्या सभामंडपात माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक भेटले. दूरचित्रवाणीवरील एका भाष्यकाराने शिफारस केली म्हणून त्यांनी एका लहान कंपनीचे शेअर्स घेतले होते. भाव काही दिवस चढला आणि मग असा कोसळला की, विकू म्हटले तरी घेणारा मिळेना. निम्मी पुंजी गेली. त्यांनी मला विचारले, "यात दोष कोणाचा? बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?"

प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा व्यवहार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या लहान कंपनीचे एक कोटी शेअर्स आहेत. त्यांतील पाऊण कोटी प्रवर्तकांपाशी असतात. उरलेल्या २५ लाखांपैकीही पुष्कळसे लोकांकडे पडून राहतात. एखाद्या दिवशी खरोखर विक्रीस येतात ते काही हजारच. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हजार माणसांची मागणी म्हणजे समुद्रात ओतलेली घागर. येथे मात्र तो डबक्यात टाकलेला धोंडा ठरतो. भाष्यकार म्हणतो, 'भाव चढेल.' ऐकणारे घेतात, म्हणून भाव चढतो. आणि भाव चढला म्हणून भाष्यकार द्रष्टा ठरतो. कंपनीच्या कारखान्यात तेवढ्या वेळात एक खिळाही अधिक तयार झालेला नसतो. पुढे गर्दी परतू लागली की भाव त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन टेकतो. मग विकणारे सारे दाराशी उभे, आणि दार बंद!

बोलणाऱ्याचा स्वार्थ गुप्त असेल, तर निवाडा सोपा आहे. मार्च २०२३ मध्ये, यूट्यूबवरील दिशाभूल करणाऱ्या चित्रफितींच्या साहाय्याने दोन लहान कंपन्यांचे भाव फुगवल्याच्या आरोपावरून 'सेबी'ने अंतरिम आदेश काढले. फेब्रुवारी २०२४ मधील दुसऱ्या अंतरिम आदेशात आरोप असा होता की, एका वृत्तवाहिनीवरील पाहुणे तज्ज्ञ आपल्या शिफारशी प्रसारणापूर्वीच काही जणांना कळवीत. ते आधी खरेदी करीत आणि प्रेक्षक धावले की विकून मोकळे होत. यातील ७ कोटी ४१ लाख रुपयांचा कथित नफा गोठविण्यात आला. आरोप खरा असेल तेथे ती चोरीच होय, वाणीने केलेली.

परंतु भाष्यकार प्रामाणिक असला तरी तो सर्वस्वी मोकळा होत नाही. गोष्टीतल्या ब्राह्मणाला मागून येणारे लोक ठाऊक नव्हते. भाष्यकाराला आपल्या शब्दामागून गर्दी येणार हे पक्के ठाऊक असते. ज्याच्या शब्दानेच भाव हलतो, त्याने त्या शब्दाला केवळ 'माझे मत' म्हणून हात झटकणे धर्माला धरून नाही.

आणि ऐकणारा? केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये बाजाराला वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडावयाचे. ज्याची निवड बहुमताशी जुळेल त्याला बक्षीस. मग कोणीही स्वतःला आवडणारा चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल, याचाच तर्क करीत बसतो. शिफारशीमागे धावणारा नेमके हेच करतो. कंपनी काय करते, हे तो विचारीत नाही. माझ्यामागून आणखी कोणी अधिक भावाने घेईल ना, एवढेच पाहतो. म्हणजे त्याचा लाभ मागून येणाऱ्याच्या हानीवर अवलंबून असतो. गर्दीतला माणूस फसतो हे खरे. पण फसण्यापूर्वी क्षणभर त्याने दुसरा कोणी फसावा अशी इच्छा केलेली असते, हेही तितकेच खरे.

हे मी शिक्षकांना भीत भीत सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "भाव चढत होता तेव्हा याच मंडपात बसून मी दोघांना तो शेअर घ्यावयास सांगितले होते. माझे पैसे गेले याची बोच आहेच. पण त्या दोघांना चुकवून मी मागच्या दाराने देवळात येतो, ते अधिक सलते."

पुढच्या सोमवारी ते त्या दोघांच्या घरी जाऊन आले. तेथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. मात्र आता ते पुढच्या दाराने येतात.