शेवटचा हात

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. ही म्हण कावळ्याच्या बाजूची आहे. फांदी आतून किडलेली होती आणि बिचारा कावळा नेमका त्याच वेळी टेकला. पण गावात न्याय होतो तो या म्हणीप्रमाणे होत नाही. सून आल्यावर वर्षाच्या आत वाटण्या झाल्या, की घर सुनेनं फोडलं. भावाभावांत दहा वर्षं धड बोलणं नव्हतं, चूल नावालाच एक होती, हे कुणी धरत नाही. ज्याच्या पाळीला पाट फुटला त्यानंच तो फोडला. उंदरांनी आणि खेकड्यांनी भराव केव्हाच पोखरलेला असतो. ज्याचा हात शेवटी लागला, त्याच्या पदरात सगळं माप पडतं.

हे बरोबर आहे का, हा प्रश्न मला नीट कळला तो एका जीपच्या इंजिनापाशी.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या नातलगांची ही जीप, जुन्या विलिस बांधणीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं लाखांनी जीपा काढल्या, त्याच घराण्यातली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्या मातीत रुजली. पुढारी, साखर कारखान्याचे अधिकारी, नवरदेव, बाळंतीण, सगळे तिच्यातूनच गेले. इंजिन चार सिलेंडरचं, सुमारे २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं. व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच, त्यामुळे वरचं हेड म्हणजे नुसतं बिडाचं जाड झाकण; स्टडांवर बसवायचं आणि नटांनी आवळायचं. ऐकायला याच्याइतकं सोपं काम नाही.

थोरले आबा गेले आणि गाडी गोठ्याच्या कडेला लागली. अठरा वर्षं तिथंच. रेडिएटरमधलं पाणी कुणी सोडलं नाही. पाणी आमच्याकडचं, बोअरचं, क्षाराचं. हंड्याला पांढरा थर धरणारं. आतल्या लोखंडाला जे करायचं ते करूनच ते आटलं. गंज म्हणजे लोखंड झिजणं, असं आपल्याला वाटतं. पण गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. स्टड आणि हेडचं भोक यांच्यात जी थोडी मोकळीक असते, ती त्यानं ठासून भरली.

आबांचा नातू पुण्यात नोकरीला. जुन्या जीपांना आता भाव आलाय आणि कौतुकही, तेव्हा त्यानं गाडी चालू करायचं मनावर घेतलं. मिस्त्री आणले नगरचे, साठी ओलांडलेले. नगर म्हणजे लष्कराचं मोठं ठाणं, रणगाड्यांचं संग्रहालयसुद्धा १९९४ पासून तिथंच. मिस्त्रींची सारी उमेद लष्कराच्या लिलावातल्या गाड्या खोलण्यात गेलेली. त्यांनी हेडवर हात फिरवला आणि पाना काढायच्या आधी बोलले, "भाऊ, निघंल. पण एखादा स्टड मोडंल. मोडला तर मला बोल लावायचा न्हाई. आन घाई करायची न्हाई."

"नाही काका, तुम्ही करा बिनधास्त," नातू म्हणाला. आधी सांगितलेली अट आपण अशीच ऐकतो, पाहुण्याला चहा विचारावा तशी.

आठ दिवस काम चाललं. मीही जाऊन बसायचो. सकाळ-संध्याकाळ नटांच्या मुळाशी तेल सोडायचं. हातोडीनं हलके ठोके द्यायचे. ते तोडण्यासाठी नव्हेत, गंजाला चीर पडून तेल आत उतरावं म्हणून. गॅसच्या बत्तीनं नट तापवायचा, म्हणजे तो फुगून स्टडला जरा सोडतो. निवला की पुन्हा तेल. आणि पाना लावल्यावर आधी सोडायचा नाही, आधी तसूभर आवळायचा. हे ऐकून नातू फोनवर हसला होता. पण जो नट सोडताना हटून बसतो, तो आवळताना कधी कधी हलतो, आणि एकदा हलला की गंजाची पकड सुटली. आठ दिवसांत नऊ नट आले.

रविवारी नातू आला. "काका, आज हेड वर आलंच पाहिजे, मला संध्याकाळी निघायचंय." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पान्याच्या दांड्यात पाइप घातला. आवाज मोठा नव्हता, हरभऱ्याचा घाटा फुटावा एवढाच. स्टड नटाच्या खालीच मोडला, हेडच्या पातळीला. आता वर धरायला काही उरलं नाही आणि खालचा तुकडा हेड आणि ब्लॉक दोघांना शिवून बसलेला. यावर उपाय एकच, अख्खं इंजिन मशीन शॉपला नेऊन वरून सरळ ड्रिल मारत उतरायचं. बिट जरा कलला की हेडचं भोक तरी जातं, नाहीतर ब्लॉकचे आटे.

"तुमच्याच हातात मोडला ना, काका?" नातू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. खर्च कुणी द्यायचा, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

मला राग आला, पण नातवाचं म्हणणं खोटं नव्हतं. मोडला तो त्यांच्याच हातात. अठरा वर्षांत केव्हाही, दहा मिनिटं काढून खालची तोटी सोडली असती तर एवढं झालं नसतं. त्या घरात सहा मोठी माणसं. सहा माणसं आणि अठरा वर्षं यांच्यात दोष इतका पातळ पसरतो, की चिमटीत धरता येत नाही. तुटण्याला तारीख असते, गंजण्याला नसते. म्हणून आपण तारीख धरतो. याचं पुढं काय होतं तेही दिसतं. जुनी गाडी मिस्त्री हाती धरत नाहीत, अवघड पेशंटला तालुक्याचा डॉक्टर "नगरला न्या" म्हणतो, आणि घरातला शहाणा मुलगा वाटणीचा विषय काढत नाही. सगळं आणखी गंजत राहतं.

मी मिस्त्रींना चहा देताना म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही निमित्त झालात." आम्ही नेवाशाची माणसं. ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली ती या गावात, १२९० साली. अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला निमित्त व्हायलाच सांगतो, त्यामुळे हा शब्द आमच्या तोंडी सहज येतो. जरा जास्तच सहज. हलगर्जी माणूससुद्धा त्याच्या आड बसू शकतो.

मिस्त्री बसले नाहीत. "न्हाई दादा. नट फिरतो तव्हा हाताला एक कळतं, आन स्टड पिळतो तव्हा दुसरं. रबर ताणल्यावानी मऊ लागतं. मला लागलं व्हतं. थांबाया पायजे व्हतं. तरी म्या वाईच जास्त रेटलं. गंज त्यांचा, पर तेवढं रेटणं माझं."

हे मी नातवाला सांगितलं, त्याला माणसाची किंमत कळावी म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे त्यांना मान्य आहे तर!"

ज्यानं आपला वाटा मोजून सांगितला, त्याच्याच डोक्यावर सगळं गाठोडं. अट घालून गप्प बसला असता तर त्याचं काही बिघडलं नसतं. आणि तो जादा जोर तरी त्यांच्या हातात कुठून आला? संध्याकाळी निघायचं होतं ते नातवाला. मिस्त्रींनी मात्र ते त्याच्या खात्यावर मांडलं नाही, आणि मला वाटतं तिथं त्यांचा हिशेब चुकला.

आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी उभी व्हती तव्हा मी तिच्या टपावर गवऱ्या वाळत घालायचे. पाणी पडलं की निथळून सारं आत जायचं. माझं किती धरता?"

कुणी काही बोललं नाही. नातू त्या संध्याकाळी पुण्याला गेला नाही. उरलेल्या नटांना मिस्त्रींनी आणखी वीस दिवस तेलात ठेवलं. त्यातला एक तरीही मोडला. तेव्हा मिस्त्रींनी पाना धरला होता आणि पाइपाचं दुसरं टोक नातवाच्या हातात होतं.