तोट्यात विकलेली यंत्रे

व्हिडिओ गेम कन्सोलची स्पर्धा वरवर पाहता यंत्रांची असते. कोणाचा प्रोसेसर वेगवान, कोणाची किंमत कमी आणि अखेर कोणाची किती यंत्रे खपली, अशाच भाषेत तिचा इतिहास सांगितला जातो. जमाखर्च निराळे सांगतो. अनेक कंपन्या यंत्र उत्पादनखर्चाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी किमतीला विकतात आणि कमाई करतात ती त्यावर चालणाऱ्या गेममधून. स्वतःचे गेम त्या विकतातच, शिवाय इतरांनी बनवलेल्या प्रत्येक गेममागे परवाना शुल्क घेतात. आठवडी बाजार भरवणाऱ्यासारखेच हे आहे: गिऱ्हाईक नसेल तर विक्रेता गाडा लावत नाही आणि गाडे नसतील तर गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यामुळे यंत्रांच्या खपाचा आकडा हा विजयाचा पुरावा कमी आणि गेम बनवणाऱ्यांना दाखवायचे आमिष जास्त असतो. या धंद्यातले मोठे जयपराजय कंपनीने गेमनिर्मात्यांपुढे कोणत्या अटी ठेवल्या यावर ठरले आहेत.

अटारीने 1977 मध्ये आणलेल्या यंत्रासाठी कोणालाही गेम काढता येत असे. अर्थात अटारीला ते मान्य नव्हते. 1979 मध्ये कंपनी सोडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली तेव्हा अटारी न्यायालयात गेली. 1982 मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्यांना वाट मोकळी झाली. मग वाटेल त्याने वाटेल तसे गेम काढले. दुकानांत न खपलेल्या मालाचे ढीग साचले, चांगले गेमही पडत्या भावात विकावे लागले आणि 1983 मध्ये अमेरिकेतील ही बाजारपेठ कोसळली. अटारीची यंत्रे तोवर घराघरांत पोचली होती, पण खपाचा तो आकडा कंपनीला वाचवू शकला नाही.

जपानच्या निन्टेंडोने यातून घेतलेला धडा कठोर होता. तिचे फॅमिकॉम यंत्र 1983 मध्ये जपानमध्ये आले आणि 1985 पासून एनईएस या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. अमेरिकी यंत्रात एक कुलूप-चिप बसवली होती. निन्टेंडोने मान्य न केलेले कार्ट्रिज त्यावर चालत नसे. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम काढता येत आणि काढलेला गेम दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर नेता येत नसे. कार्ट्रिज निन्टेंडोच बनवणार, पैसे आधी भरायचे, माल पडून राहिला तर नुकसान गेम काढणाऱ्याचे. अमेरिकी घरांतल्या व्हिडिओ गेमचा धंदा जवळपास एकट्या निन्टेंडोच्या हाती असल्याने या अटी निमूटपणे मान्य केल्या गेल्या. मान्य केल्या, पण विसरल्या गेल्या नाहीत.

सेगा या स्पर्धक कंपनीला शिरकाव मिळाला तो या नाराजीतूनच. तिचे 16 बिटचे जेनेसिस यंत्र अमेरिकेत 1989 मध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या सुपर एनईएसच्या दोन वर्षे आधी आले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने जेनेसिस उलगडून पाहिले, परवान्याविना गेम काढण्याची तयारी केली आणि त्या बळावर सेगाकडून सवलतीचा करार पदरात पाडून घेतला. सेगाला तो नाइलाजाने करावा लागला, तरी फायदा तिचाच झाला: अमेरिकी फुटबॉलचे या कंपनीचे गेम जेनेसिसची ओळख बनले. सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी 1991 मध्ये यंत्राची किंमत उतरवली आणि सोबत ‘सॉनिक’ फुकट दिला. 1993 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ दोन्ही यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेंडोने त्यातले रक्त काढायला लावले. सेगाने एका गुप्त संकेताने ते दाखवू दिले आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली.

सोनीचा प्रवेश अपमानातून झाला असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. सुपर एनईएसला सीडी जोडण्याचा प्रकल्प सोनीने जून 1991 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हात मिळवल्याचे सांगितले. सीडीवरच्या गेमच्या कमाईवर ताबा कोणाचा, हे भांडणाचे मूळ होते. केन कुतारागी यांनी मग सोनीत स्वतंत्र यंत्राचा आग्रह धरला आणि डिसेंबर 1994 मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन आले.

त्याआधी काही दिवस सेगाचे सॅटर्न तिथे आले होते. अमेरिकेत ते सप्टेंबर 1995 मध्ये येणार होते. पण 11 मे 1995 रोजी लॉस एंजेलिसच्या ई3 प्रदर्शनात कॅलिन्स्की यांनी सांगितले की 399 डॉलरचे सॅटर्न आजपासूनच काही निवडक दुकानांत मिळेल. यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘299’ एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. शंभर डॉलरच्या फरकाची ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. सेगाचे खरे नुकसान मात्र दुसरीकडे होते. सप्टेंबरच्या हिशेबाने काम करणाऱ्या गेमनिर्मात्यांचे गेम तयारच नव्हते, म्हणून नव्या यंत्रासाठी घेण्याजोगे फारसे काही नव्हते. ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार दुखावले. केबी टॉइज या साखळीने सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. स्पर्धकाच्या चार महिने आधी पोचण्यासाठी सेगाने बाजाराच्या दोन्ही बाजू दुखावल्या.

निन्टेंडोने 1996 च्या निन्टेंडो 64 मध्येही कार्ट्रिजच ठेवले. ते महाग होते, त्यात जागा कमी होती आणि मागणी कित्येक आठवडे आधी नोंदवावी लागे. सीडी थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत छापून मिळे, त्यामुळे गेम खपतो आहे असे दिसल्यावर आणखी प्रती काढता येत. वर्षानुवर्षे निन्टेंडोबरोबर असलेली स्क्वेअर कंपनी सोनीकडे गेली आणि 1997 मध्ये तिचा ‘फायनल फँटसी 7’ तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी आला. पुढे प्लेस्टेशनने 10 कोटींचा टप्पा ओलांडला, निन्टेंडो 64 सुमारे 3.3 कोटींवर थांबले आणि सॅटर्नला एक कोटीही गाठता आली नाही. सेगाने ड्रीमकास्टवर आणखी एक डाव लावला, पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यासाठी एकही गेम दिला नाही. 2001 मध्ये यंत्रे बनवणे सोडून सेगा इतरांच्या यंत्रांसाठी गेम करू लागली.

या मांडणीला अडचणीचे उदाहरण 2006 च्या निन्टेंडो वीचे आहे. कमी ताकदीचे, 249 डॉलरचे हे यंत्र प्रामुख्याने निन्टेंडोच्याच गेमच्या जोरावर 10 कोटींहून जास्त खपले, आणि तेही नफ्यात. म्हणजे बाहेरच्यांवाचूनही चालते? एक पिढी चालले. बाहेरचे मोठे गेम त्या यंत्रावर मावत नव्हते, निर्मात्यांनी इतरत्र बस्तान बसवले आणि पुढचे वी यू जेमतेम 1.36 कोटी खपले. सोनीचेही त्याच काळात हात पोळले. प्लेस्टेशन 3 ची वरची आवृत्ती 599 डॉलरची, तरी तोट्यातली. त्यातल्या सेल प्रोसेसरसाठी गेम लिहिणे जिकिरीचे. 2006-07 या वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे 232 अब्ज येनचा तोटा झाला. प्लेस्टेशन 4 रचताना मार्क सर्नी यांनी आधी निर्मात्यांना काय हवे ते विचारून घेतले आणि संगणकात वापरली जाणारी ओळखीची रचना निवडली. ते यंत्र 11 कोटींच्या वर गेले.

खपाचे आकडे स्वतः तरी किती पक्के असतात? कंपन्या सहसा दुकानांना पोचवलेली यंत्रे मोजतात, घरी गेलेली नव्हे. नकला तर कोणत्याच हिशेबात नाहीत. 1990 च्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी टीव्हीला जोडून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले ते बहुतेक फॅमिकॉमच्या विनापरवाना नकलांवर, आणि एकाच ‘कॅसेट’मध्ये शेकडो गेम असल्याची जाहिरात असे. फॅमिकॉम आणि एनईएस मिळून निन्टेंडोने सांगितलेल्या 6.19 कोटींत यातले एकही यंत्र नाही.

मायक्रोसॉफ्टने तर 2015 पासून आपल्या एक्सबॉक्स यंत्रांच्या खपाचे आकडे सांगणेच थांबवले. 2021 मध्ये एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात तिच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्स यंत्रांवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. 2023 मध्ये प्रकरण याहून पुढे गेले. सुमारे 69 अब्ज डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेण्यास अमेरिकी व्यापार आयोगाने हरकत घेतली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने न्यायालयात आपण यंत्रांच्या खपात सतत तिसऱ्या क्रमांकावर असल्याचे, म्हणजे स्वतःचा पराभव, आग्रहाने मांडले. मक्तेदारीचा आरोप खोडायला हरल्याचा दाखला कामी आला आणि ऑक्टोबरमध्ये खरेदी पूर्ण झाली. एप्रिल 2025 मध्ये तिच्याच स्टुडिओचा ‘फोर्झा होरायझन 5’ प्लेस्टेशन 5 वर आला. त्याच्या प्रत्येक प्रतीतून प्लेस्टेशनचा बाजार भरवण्याबद्दलचा वाटा सोनीला जातो आणि उरलेले पैसे मायक्रोसॉफ्टला.