माझी पाळी कुठे आहे?

आमच्या घरी सायंकाळच्या रोझरीची एक जुनी रीत आहे. पाच रहस्ये घरातील पाच जणांनी वाटून घ्यायची. 'नमो मारिया'चा पूर्वार्ध ज्याची पाळी असेल त्याने म्हणायचा आणि उत्तरार्ध सर्वांनी. गेल्या मे महिन्यात आमच्या बहिणीचा बारा वर्षांचा मुलगा सुटीसाठी आला होता. उत्तरार्धात त्याचा आवाज सर्वांहून स्वच्छ ऐकू येई. पण तिसऱ्या रहस्याची पाळी त्याच्याकडे आली, तेव्हा पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ दातांमागे रुतून बसली. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, ओठ थरथरले. शब्द काही बाहेर येईना. दोनतीन क्षण आम्ही कसेबसे सोसले आणि मग मोठ्या मायेने त्याची प्रार्थना आपल्या तोंडी घेऊन ते दशक पुरे केले. दुसऱ्या दिवशी पाळ्या वाटताना त्याला वगळले. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रोझरीच्या वेळी तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला. "का रे बाळा, आत नाही का यायचं?" असे आजीने विचारले, तेव्हा बऱ्याच प्रयासाने त्याने एवढेच विचारले, "म... म... माझी पाळी कुठे आहे?"

त्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. आम्ही त्याला मदत केली होती. निदान आमची तशी समजूत होती. मग ती मदत त्याला हिरावून घेतल्यासारखी का वाटावी? अडलेल्याला हात द्यावा याविषयी वाद नाही. परंतु साहाय्य कोठे संपते आणि दुसऱ्याची जागा बळकावणे कोठे सुरू होते, हा विवेक आम्हांला सुचला नव्हता. तोतऱ्या मुलांसाठी जगात जी शिबिरे आणि सामूहिक उपचारवर्ग चालत आले, त्यांची माहिती आम्ही त्यानंतर मिळवून वाचली. तेथेही हाच प्रश्न निराळ्या रूपात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

आपल्या भाषेत बोबडे बोल कौतुकाचे आणि तोतरे बोल हसण्याचे. लहान मूल 'चांदोमामा'चे 'तांदोमामा' करते तेव्हा आपण त्याला उचलून घेतो. तेच मूल पुढे 'च'वर अडले की आपण इकडेतिकडे पाहू लागतो. वस्तुतः शंभरांतील सुमारे पाच मुले बालपणी केव्हा ना केव्हा अडखळतात. बहुधा दोन ते पाच या वयात हे सुरू होते आणि त्यांतील चारांपैकी सुमारे तीन मुले पुढे मोकळेपणाने बोलू लागतात. उरलेल्यांची मात्र ते आयुष्यभर सोबत करते. प्रौढांत हे प्रमाण शंभरात सुमारे एक असून त्यांत पुरुष स्त्रियांहून कितीतरी अधिक. घरच्या धाकाने किंवा कोणाची नक्कल केल्याने मूल तोतरे होते, या जुन्या समजुतींना आता आधार उरलेला नाही. मेंदूतील वाचेची घडण आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा आहे. २०१० साली तर तोतरेपणाशी निगडित अशी काही जनुकेही शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. आणखी एक नवल असे की, इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना किंवा गाताना हा अडसर बहुधा नाहीसा होतो. आमचा भाचा उत्तरार्धात का अडखळत नव्हता आणि पूर्वार्धात का अडखळला, याचे उत्तर त्याच्या भक्तीत किंवा भीतीत नव्हते. ते येथे होते.

या क्षेत्रात मोठ्यांच्या हातून केवढे पाप घडू शकते, याचा एक दाखला विसरता येण्याजोगा नाही. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्युडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील काही मुले अगदी सरळ बोलणारी होती. 'तुम्ही तोतरे होत आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका', अशा आशयाचे त्यांच्या मनावर बिंबविण्यात आले. मुले कायमची तोतरी झाली नाहीत. पण ती बुजली, गप्प झाली, तोंड उघडण्यास भिऊ लागली. जॉन्सन स्वतः तोतरे होते आणि या व्याधीचे मूळ शोधावे ही त्यांची तळमळ खरी होती. तरीही ज्यांच्या वतीने विचारायला आईबाप नव्हते, अशी मुले त्या तळमळीपायी वापरली गेली. विद्यापीठाने २००१ साली क्षमा मागितली आणि २००७ साली आयोवा राज्याने त्या मुलांपैकी काहींना व काहींच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली. हेतू चांगला असणे पुरेसे नाही, हे आम्ही येथे प्रथम शिकलो.

मुलांना एकत्र आणून उपचार करण्याची कल्पनाही जुनीच आहे. मिशिगन राज्यात नॉर्थपोर्टजवळ सरोवराच्या काठी 'शेडी ट्रेल्स' हे तोतऱ्या मुलांचे उन्हाळी शिबिर १९३२ साली सुरू झाले. पोहणे, खेळणे, एकत्र जेवणे आणि या सर्वांबरोबर वाचेचा सराव, असा तेथील क्रम. एकत्र येण्याचे मोल समजण्यास थोडा हिशेब पुरे आहे. शेकड्यात एक म्हणजे वर्गात बहुधा तो एकटाच. आपल्यासारखा दुसरा कोणी असतो हे त्याने पाहिलेलेच नसते. अशा मुलाला एका पंगतीत वीस तोतरी मुले भेटतात, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या शिरावरचे अर्धे ओझे उतरते. हे काम कोणताही वैद्य एकट्याने करू शकत नाही.

पण त्या पंगतीत मुलाला काय वाढायचे? येथे दोन मार्ग फुटतात. एक मार्ग ओघाचा. कॅनडातील एडमंटन येथे १९८६ साली स्थापन झालेल्या संस्थेने हा मार्ग मोठ्या शिस्तीने आखला. काही आठवड्यांच्या सलग वर्गात मुले प्रथम अतिशय संथ, स्वर लांबवून, हळुवार आरंभ करून बोलतात. मग गती पायरीपायरीने वाढवीत नेहमीच्या बोलण्याजवळ आणली जाते. वर्ग संपतो तेव्हा पुष्कळ मुले जवळपास न अडखळता बोलतात आणि आईवडिलांचे डोळे भरून येतात. त्या अश्रूंना खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र घरी परतल्यावर सराव सुटतो, जुने अडसर परततात आणि हा अनुभव अपवादात्मक नाही. शिवाय ज्याला प्रत्येक वाक्यावर पहारा ठेवावा लागतो, त्याचे लक्ष सांगण्याच्या गोष्टीवर किती उरणार?

दुसरा मार्ग वाणीचा. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात कोर्टनी बर्ड यांनी २०१४ साली मुलांसाठी आठवडाभराचे शिबिर सुरू केले. तेथे ओघ हे उद्दिष्टच नाही. मुले अनोळखी लोकांसमोर उभी राहतात, 'मी तोतरा आहे, बोलायला मला थोडा अधिक वेळ लागेल' असे आपण होऊन सांगतात आणि मग अडखळत का होईना, सांगायचे ते सांगून पुरे करतात. या आठवड्यानंतर मुलांचे बोलण्याविषयीचे मत सुधारते, समवयस्कांशी मैत्री करण्याचा विश्वास वाढतो, असे तेथील प्रसिद्ध झालेले अभ्यास सांगतात. एवढेच नव्हे, ज्याने आधी असे उघड सांगितले, त्याच्याविषयी ऐकणाऱ्यांचे मतही अधिक अनुकूल होते. जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: अडखळणे हा वर दिसणारा लहानसा भाग, आणि लाज, भीती, लपवालपवी हा पाण्याखालचा. तोतरा मुलगा कठीण शब्द टाळून सोपा शब्द शोधतो, हवी ती वस्तू सोडून उच्चारता येईल ती मागतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून पुष्कळांची जीभ नेमकी नाव सांगतानाच अडते.

यावर एखादा पिता विचारील, आणि त्याला तो अधिकार आहे: "हा तर पराभवाला दिलेला गोड मुलामा झाला. उद्या तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत जग माझ्या मुलाला शिबिरासारखे सांभाळून घेणार आहे का?" या प्रश्नाची टर उडविणे सोपे, उत्तर देणे कठीण. जग तसे नाही, हे खरे. म्हणून ज्या मुलाला ओघाचे तंत्र हवे आहे त्याला ते न शिकविणे, हाही एक अन्यायच ठरेल. आमच्या मते चूक तंत्र शिकविण्यात नाही. तंत्र साधले तरच तुला पंगतीत पान, अशी अट घालण्यात ती आहे. साधन म्हणून दिलेला ओघ हे दान आहे. अट म्हणून मागितलेला ओघ ही खंडणी होते. मुलाला हा फरक तात्काळ कळतो, कारण अट घालणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती लिहिलेली असते.

लंडनमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या मायकल पेलिन केंद्राने यात एक शहाणपणाची भर घातली. ज्यांचे नाव या केंद्राला आहे त्या नटाचे वडील तोतरे होते. तेथील सलग चालणाऱ्या वर्गांत मुलांच्या उपचारात आईवडीलही सामील असतात. विचार केला तर ते रास्तच आहे. बोलणे दोघांमध्ये घडते. अडखळणारी जीभ एकाची, पण उतावीळ कान दुसऱ्याचे. मग सुधारणेचा सारा भार एकट्या जिभेवरच का?

आपल्या धर्मग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध जड जीभ मोशेची. निर्गमाच्या ग्रंथात तो आपल्या जिभेचे कारण पुढे करून परमेश्वराची आज्ञा टाळू पाहतो, आणि त्याला वाक्पटू भाऊ अहरोन सोबतीला दिला जातो. हा प्रसंग आम्ही आजवर सोयीने वाचत होतो: तोतऱ्याला दुभाष्या मिळाला, प्रश्न मिटला. पण कथा तेथे संपत नाही. मोशे पर्वतावर असताना लोकांच्या आग्रहापुढे वाकून सोन्याचे वासरू घडविले ते याच वाक्पटू अहरोनाने. ओघ आणि सत्य ही दोन वेगळी धने आहेत. आणि अनुवादाच्या ग्रंथात, आयुष्याच्या शेवटी, सर्व प्रजेपुढे दीर्घकाळ बोलतो तो मोशे स्वतः. तेव्हा त्याच्या वतीने बोलायला अहरोन हयात नसतो. त्याची जीभ बरी झाली असे कोठेही लिहिलेले नाही. लोक ऐकायला थांबले, एवढे मात्र दिसते. आमच्या रोझरीत आम्ही घाईघाईने अहरोन झालो होतो.

एडमंटन आणि ऑस्टिन आपल्याला दूर आहेत. तथापि वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, आणि २००८ साली स्थापन झालेल्या 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'मुळे तोतऱ्या व्यक्तींचे स्वयंसाहाय्य गट आपल्याकडेही भरू लागले. लहान मुलाचे अडखळणे काही महिने टिकले, तर तज्ज्ञाकडे नेण्यास विलंब करू नये. परंतु शिबिर आठवडाभराचे आणि घर वर्षभराचे. घरी करण्याजोगे पथ्य फार थोडे आहे: त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे बजावू नये, आपणच थोडे संथ बोलावे, आणि तो काय सांगतो आहे याकडे लक्ष द्यावे, कसे सांगतो आहे याकडे नव्हे.

चौथ्या दिवशी आम्ही विहिरीपाशी गेलो. मुलाची क्षमा मागणे मोठ्यांना जड जाते. त्या दिवशी आमचीही जीभ अडखळली. त्याने ते पाहिले आणि तो किंचित हसला. सायंकाळी तिसरे रहस्य त्याचे होते. दहा 'नमो मारिया' म्हणायला त्याला एरवीच्या दुप्पट वेळ लागला. सातव्यावर तो बराच वेळ थांबला. शेजारच्या घरातील दूरदर्शनचा आवाज येत होता, आजीच्या बोटांत मणी स्थिर होता, आणि कोणीही पुढचा शब्द उच्चारला नाही. मग तो आला, त्याच्याच तोंडून. आम्ही सर्वांनी उत्तरार्ध म्हटला.