परवाना गेला, न्यायाचे काय?

सरकारी नियोजनाकडून खुल्या बाजाराकडे निघालेल्या देशांना अर्थशास्त्रात ‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ म्हणतात. या देशांत कायदे जितक्या झपाट्याने बदलले तितक्या झपाट्याने ते राबवणाऱ्यांच्या सवयी बदलल्या नाहीत, आणि तेथील उद्योगांना सोसावा लागलेला बराचसा त्रास याच तफावतीतून आला. परवाने, करवसुली, तपासणी, मालमत्तेची नोंद आणि न्यायदान यांच्या ज्या व्यवस्थेवर उद्योजकाचा ताबा नसतो, पण जी त्याचा खर्च ठरवते, तिलाच ‘व्यवसायाचे वातावरण’ म्हटले जाते.

जॉर्जियाचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. 2003 च्या सत्तापालटापूर्वी, म्हणजे गुलाब क्रांतीपूर्वी, तेथे भाजीपाल्याची गाडी वाटेत अडवली की वाहतूक पोलिसाचे हात ओले केल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. हा खर्च मोठ्या कंपनीला ओळखीपाळखीने टाळता येई किंवा मोठ्या उलाढालीत जिरवता येई. छोट्या व्यापाऱ्याचा मात्र त्यात सगळा नफाच जाई. 2004 मध्ये सरकारने ते दलच बरखास्त करून नवे गस्ती पोलीस नेमले. 2005 मध्ये लागू झालेल्या करसंहितेने करांची संख्या 21 वरून 7 वर आणली आणि सर्वांसाठी 12 टक्क्यांचा एकच प्राप्तिकर ठेवला, तर मंत्री काखा बेंदुकिद्झे यांच्या आग्रहामुळे शेकडो परवाने मोडीत निघाले. या सुधारणांचा खरा लाभार्थी छोटा व्यावसायिक होता, आणि हे यश निर्विवाद मोठे आहे.

जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ क्रमवारीत हा देश एका वर्षात 112 व्या स्थानावरून 37 व्या स्थानावर आला. ही क्रमवारी मुख्यतः नियमांतील टप्पे, दिवस आणि शुल्क मोजत असे. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर 2021 मध्ये ती बंद करण्यात आली.

जॉर्जियात परवान्यांबरोबर आवश्यक तपासणीही केराच्या टोपलीत गेली, ही चूक गंभीर होती. अन्नसुरक्षेची तपासणी स्थगित झाली आणि 2006 मध्ये कामगार निरीक्षण यंत्रणाही बंद झाली. त्याच वर्षी रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. बंदीमागे राजकारण असल्याचे जॉर्जियाचे म्हणणे होते. पण बनावट वाइनचा सुळसुळाट असलेल्या त्या देशातील प्रामाणिक उत्पादकापाशी आपल्या मालाची ग्वाही देणारी विश्वासार्ह देशी यंत्रणा नव्हती. जे तगले त्यांनी दर्जा वाढवून दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या. पुढे 2014 मध्ये युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे देशाला अन्नसुरक्षेची व्यवस्था नव्याने उभारणे भाग पडले.

सर्वांत दुबळी बाजू न्यायालयांची राहिली. लाच थांबली, पण सरकारी वकिलाशी तडजोड करून, म्हणजे गुन्हा कबूल करून आणि मोठी रक्कम सरकारजमा करून, खटल्यातून सुटण्याची वाट 2004 पासून कायद्यानेच खुली झाली होती, आणि आरोप झालेल्या उद्योजकाला खटला लढण्यापेक्षा तीच बरी वाटे. क्रमवारीत देश वर चढत असताना तेथील फौजदारी खटल्यांत निर्दोष सुटणाऱ्यांचे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी होते.