उदरनिर्वाह आणि स्वभावधर्म

उदरनिर्वाहासाठी मनुष्याने आपले श्रम विकावे, हे न्याय्यच आहे. परंतु श्रमांबरोबर त्याने आपला स्वभावही विकावा, असे म्हणण्याचा अधिकार समाजास आहे काय? भोकरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आम्हांस सुचला, त्यास कारण घडले आहे. येथील एक स्वमग्न पदवीधर तरुण आमच्या परिचयाचा आहे. हिशेबात त्याची चूक सापडणे कठीण. तथापि मुलाखतीत तो कोणाच्या नजरेस नजर देत नाही व कुशलप्रश्नांनी गोंधळतो; एवढ्यावरून तीन ठिकाणी तो नापसंत ठरला. चौथ्या ठिकाणी त्याने हसण्याबोलण्याचे सोंग सहा महिने वठविले, आणि अखेरीस झोप व अन्न दोन्ही गमावून तो घरी बसला.

लोक म्हणाले, हा स्वमग्नतेचाच परिणाम. हे निदान आम्हांस मान्य नाही. स्वमग्नता ही जन्मजात मनोघडण आहे; विषाद व चिंता तिच्यातून अटळपणे निपजतात असे नव्हे. दिवसभर दुसऱ्याच मनुष्याची भूमिका करावी लागल्यास कोणाचे मन शिणणार नाही?

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी या मनोघडणीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. पुढे मिसिसिपीतील फॉरेस्ट या लहानशा गावी त्याने अनेक वर्षे बँकेत नोकरी केली. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. गावाने त्याचा विक्षिप्तपणा सांभाळून घेतला. मात्र ती बँक त्याच्या घरच्यांची होती, हे विसरता कामा नये. ज्याच्या घरी बँक नाही त्याने काय करावे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने याचे उत्तर अंशतः दिले आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असून, त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांस मिळून आहे. परंतु कायदा जागा देईल. शेजारी बसणाऱ्याचे औदार्य तो कोठून देणार? लेखी सूचना, ठरलेली वेळ, गोंगाटापासून दूर एक खुर्ची, एवढ्यावर कित्येकांचे निभेल. एकासाठी सर्वांनी का बदलावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, त्याला बदलणे प्राणावर बेतते, आणि आपणांस ती केवळ थोडी गैरसोय आहे. हलके ओझे कोणी उचलावे, हे ठरविण्यास न्यायशास्त्राची गरज नाही.

तो तरुण हल्ली एका आडत दुकानाच्या वह्या घरी नेऊन तपासून देतो. वह्या बिनचूक परत येतात. त्याचे कौतुकही होते. पगार मात्र अद्याप कोणी ठरविलेला नाही.