घडीची रेघ

कागदाला घडी घातल्याने त्यात काही भर पडत नाही आणि त्यातून काही वजाही होत नाही. त्याचे वजन तेच राहते, क्षेत्रफळ तेच राहते, आणि घडी उलगडून तो पुन्हा सपाट पसरला तर हा पूर्वीचाच कागद आहे असे म्हणण्यास सकृद्दर्शनी कोणाची हरकत नसावी. तथापि तो पूर्वीचा नसतो. त्याच्यावर एक रेघ उमटलेली असते, आणि ती कितीही दाबली तरी पूर्णपणे जात नाही. गेल्या दोन शतकांत कागदाच्या घडीविषयी मनुष्याने जो विचार केला, त्याचा इतिहास माझ्या मते थोडक्यात असा सांगता येईल, की आरंभी त्याचे सारे लक्ष घडीतून सिद्ध होणाऱ्या वस्तूकडे होते, आणि पुढे क्रमाक्रमाने ते या रेघेकडे वळले.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला घडीची उपयुक्तता निराळी शिकवावी लागत नाही. बोरिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद गाडीत दोन्ही बाजूंनी खांदे भिडलेले असताना वर्तमानपत्राची उभी घडी करून, एकेक रकाना उलटवीत, शेजाऱ्याला तक्रारीस जागा न देता अग्रलेख संपवणारे प्रवासी एके काळी प्रत्येक डब्यात दिसत. घाटकोपरच्या वाण्याकडे जिरे-मोहरीची पुडी रद्दीच्या चतकोर तुकड्यात, डिंकावाचून, अशी बंद होई की ती घरी पोचेपर्यंत एक दाणा सांडत नसे. पण पुडी सुटली की कागद फेकला जाई. त्याच्यावर उरलेल्या रेघांचे जाळे कोणी पाहत नसे. पुडी बांधणाऱ्यालाही ते डोळ्यांनी माहीत नव्हते, बोटांनी माहीत होते.

घडीला विचाराच्या कक्षेत आणण्याचे पहिले श्रेय शिक्षणशास्त्राकडे जाते. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली, आणि जिला त्याने पुढे किंडरगार्टन हे नाव दिले, तिच्या शिक्षणक्रमात कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. ही पद्धती आगबोटीने जगभर गेली आणि तिची रंगीत चौकोनी कागदांची पेटी मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यातील एका डेप्युटी कलेक्टरच्या हाती पडली. त्यांचे नाव टी. सुंदर राव. महसुली अधिकाऱ्याच्या हाताखालून मोजणीचे नकाशे आणि जमाबंदीचे तक्ते रोजच जात असतात. परंतु या गृहस्थांनी त्या बालोद्यानाच्या पेटीत संपूर्ण भूमिती पाहिली, आणि १८९३ साली मद्रासमध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याला हे त्या पेटीवरून सुचले, असे प्रस्तावनेत नमूद करण्यास ते संकोचले नाहीत.

या पुस्तकाची मौज अशी, की त्यात पट्टी आणि कंपास यांना जवळजवळ रजा दिलेली आहे. सरळ रेघ काढण्यासाठी सरळ पट्टी हवी, पण ती पट्टी सरळ आहे हे कशावरून, या जुन्या शंकेला घडी परस्पर उत्तर देते. कारण सपाट कागद स्वतःवर दुमडला की कड आपोआप सरळच येते. एक कड दुसरीवर आणली की कोन दुभागतो. एक बिंदू दुसऱ्यावर आणला की लंबदुभाजक मिळतो. एवढ्या सामग्रीवर सुंदर राव चौरसापासून निघून पंचकोन, षट्कोन, अष्टकोन करीत शंकुच्छेदांपर्यंत पोचतात. वाटेत भूमिती श्रेढीची बेरीज ते चौरसाचा अर्धा, मग उरलेल्याचा अर्धा, पुन्हा उरलेल्याचा अर्धा, अशी डोळ्यांसमोर मांडून दाखवतात. १८९५ साली फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला. त्या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या बेमन आणि स्मिथ या दोन अमेरिकन प्राध्यापकांचे लक्ष त्यामुळे इकडे गेले, आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. मद्रासच्या एका मुलकी अंमलदाराचे पुस्तक अशा आडवाटेने जगाच्या दप्तरी दाखल झाले.

पण ज्या ठिकाणी सुंदर राव थांबले ते ठिकाण, ते जेथवर पोचले त्याहून अधिक विचारार्ह आहे. नवकोन काढायचा तर कोनाचे तीन समान भाग करावे लागतात, आणि हे भाग घडीने बऱ्यापैकी अचूक जमतात एवढेच ते म्हणतात. पट्टी-कंपासाने सरसकट प्रत्येक कोनाचे असे त्रिभाजन होणे अशक्य आहे, हे पिएर वांत्सेल याने १८३७ मध्येच, म्हणजे फ्रोबेलची संस्था निघाली त्याच वर्षी, सिद्ध केलेले होते. सुंदर रावांनी घडीला पट्टी-कंपासाची मुखत्यार म्हणून नेमले होते. साहजिकच मूळ मालकाला जे अधिकार नव्हते ते मुखत्यारालाही नसणार, असे त्यांनी गृहीत धरले असावे.

ते गृहीत खोटे ठरले. इटलीतील फेरारा विद्यापीठाच्या प्राध्यापिका मार्गेरिता बेलोक यांनी १९३६ साली घडीला तिचा स्वतःचा प्रश्न विचारला. एक ठरावीक बिंदू एका ठरावीक रेषेवर येईल अशा जितक्या घड्या घालाव्यात, तितक्या त्या सर्व एकाच अन्वस्ताला स्पर्श करतात. म्हणजे प्रत्येक घडी ही त्या वक्राची स्पर्शिका असते. मग एकाच घडीने एक बिंदू एका रेषेवर आणि त्याच वेळी दुसरा बिंदू दुसऱ्या रेषेवर आणता आला, तर ती घडी दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका होईल, आणि अशा स्पर्शिका तीनपर्यंत असू शकतात. कंपासाची धाव वर्गसमीकरणापर्यंत. ही एक घडी घनसमीकरण सोडवते. कोनाचे त्रिभाजन आणि घनाचे द्विगुणीकरण हे दोन्ही प्राचीन ग्रीक प्रश्न तिच्या टप्प्यात येतात. घडी कंपासाहून समर्थ आहे हा निष्कर्ष इतका अनपेक्षित होता, की त्याच्याकडे कित्येक दशके कोणी फिरकले नाही. पुढे हुमिआकी हुजिता यांनी घडीच्या मूलभूत कृती संगतवार मांडल्या, आणि १९८९ मध्ये या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती योगायोगाने नव्हे, तर यथोचितपणे फेरारातच.

या कालावधीत जपानात घडी एका निराळ्याच मार्गाने प्रौढ होत होती. हजार बगळ्यांच्या घड्या शिकवणारे पुस्तक तेथे १७९७ मध्येच छापले गेले होते. तथापि घडीकाम ही मुलांची करमणूक आणि समारंभातील उपचार यांपलीकडे जाण्यास अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांची वाट पाहावी लागली. तरुणपणी ते एका लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात होते आणि हाताखालच्या कामगारांना भूमिती समजावताना कागद दुमडून दाखवत. त्यांनी कागद किंचित ओला करून त्याला शिल्पाची गोलाई दिली. परंतु त्यांचे अधिक चिरस्थायी कार्य म्हणजे १९५४ च्या सुमारास त्यांनी रूढ केलेली चिन्हलिपी होय. ज्या घडीची धार आपल्याकडे वर येते ती डोंगरघडी, जिची आत जाते ती दरीघडी; दोहोंसाठी निरनिराळ्या तुटक रेघा आणि दिशेसाठी बाण. या लिपीमुळे तोक्योत केलेली रचना ज्याला जपानीचे अक्षर येत नाही असा मनुष्य अंधेरीत बसून करू शकतो. हाताची कला लिहिली जाऊ लागली, आणि जे लिहिले जाते त्याच्यावर वाद, सुधारणा व सिद्धता यांना वाव मिळतो.

महाराष्ट्रात या कलेला जी आत्मीयता लाभली ती बव्हंशी डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्यामुळे. समाजाच्या दुःखावर लिहिणारा हा लेखक भेटेल त्या मुलाच्या हातावर कागदाचा एखादा प्राणी ठेवी, आणि आपल्या छंदांविषयी त्याच आस्थेने लिही. पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवताना घडीच्या खेळण्यांना अग्रस्थान दिले. दोघांच्याही कामात एक लोकशाही वृत्ती आहे: सामग्रीला पैसा लागत नाही, म्हणून कोणालाही बाहेर ठेवावे लागत नाही.

गणिताने पुढचे पाऊल टाकले ते तयार वस्तू उलगडून. १९८० च्या दशकात जुन मायेकावा आणि तोशिकाझू कावासाकी यांनी, सपाट दुमडलेली आकृती पुन्हा उघडली असता कागदाच्या आतील प्रत्येक संगमबिंदूवर काय दिसते, याचे नियम सांगितले. तेथे मिळणाऱ्या डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येत नेहमी दोनाचा फरक असतो. आणि त्या बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन मिळवले तर बेरीज १८० अंश भरते. पहिल्या नियमाचे कारण रम्य आहे. सपाट दुमडलेल्या त्या बिंदूभोवती एखादी मुंगी कागदाच्या पाठीवरून फिरली, तर प्रत्येक घडीवर तिला अर्धी गिरकी घ्यावी लागते, डोंगरघडीवर एका दिशेने आणि दरीघडीवर उलट दिशेने. फेरी पुरी होताना एकंदर एकच पूर्ण गिरकी उरते, म्हणून अर्ध्या गिरक्यांची शिल्लक दोनच. मात्र हे नियम एकेका बिंदूपुरते आहेत. प्रत्येक बिंदू नियमात बसला तरी संपूर्ण कागद सपाट दुमडेल की नाही, हा प्रश्न ज्यांवर झटपट उत्तराची सर्वसाधारण रीत आजवर सापडलेली नाही अशा कठीण प्रश्नांच्या वर्गातला आहे, हे बर्न आणि हेज यांनी १९९६ मध्ये दाखवले.

रेघेवरून वस्तूकडे उलट प्रवास करण्याचे साहस रॉबर्ट लँग या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाचे, आणि स्वतंत्रपणे तोशियुकी मेगुरो यांचे. सहा पायांचा, दोन शिंगांचा भुंगा एका अखंड चौरसातून, कात्रीवाचून करावयाचा, तर प्रत्येक पायासाठी कागदावर त्याच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवावे लागते. पाय कोपऱ्यातून काढला तर पाव वर्तुळात भागते, कडेतून काढला तर अर्धे लागते, मधून काढला तर पूर्ण. ही वर्तुळे एकमेकांत न शिरता चौरसात बसवणे म्हणजेच भुंग्याचा मसुदा. जी गोष्ट प्रतिभेच्या खात्यावर जमा होती ती हिशेबाच्या खात्यात आली, आणि आश्चर्य असे की त्यामुळे प्रतिभेचे क्षेत्र आक्रसण्याऐवजी विस्तारले. पूर्वी अशक्य मानलेले कीटक त्यानंतरच कागदात अवतरले.

कोर्यो मिउरा यांची घडी याच विचाराची व्यावहारिक शाखा. समांतरभुज चौकोनांच्या जाळ्यात दुमडलेला ताव समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच एका हालचालीत पूर्ण उघडतो आणि ढकलताच मिटतो. या तत्त्वावर दुमडलेला सौरपट १९९५ साली जपानच्या उपग्रहावर अंतराळात उघडला. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा अग्निबाणाच्या पोटात मावणे शक्य नव्हते. तो आणि टेनिसच्या मैदानाएवढे तिचे पाचपदरी उन्हाचे छत्र दुमडूनच वर गेले. दुसऱ्या टोकाला, मेरठचे मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये सादर केलेला फोल्डस्कोप आहे: छापील कागद दुमडून, त्यात इवलेसे भिंग बसवून होणारा सूक्ष्मदर्शक, ज्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत ठेवला होता.

जागेची टंचाई हीच जर घडीची जननी असेल, तर आमच्या उपनगरांहून अधिक हक्क कोणाचा? झोपडपट्टी पुनर्वसनात ज्यांच्या वाट्याला आधी २२५ आणि पुढे २६९ चौरस फुटांचे घर आले, त्या कुटुंबांत भिंतीला दुमडणारे मेज आणि दिवसा मिटणारी खाट ही संसाराची घडी नीट बसवण्याची साधने आहेत. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर गणपतीसाठी पुठ्ठ्याची घडीची मखरे अधिक दिसू लागली: सपाट येतात, उभी राहतात, विसर्जनानंतर पुन्हा सपाट होऊन माळ्यावर जातात. ती आखणारा कारागीर संगमबिंदू आणि कोनांच्या बेरजा यांचाच व्यवहार करीत असतो. त्याच भूभागात पवईला १९५८ पासून आयआयटी आहे आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मैलांच्या हिशेबाने ही स्थळे जवळजवळ आहेत. विचारांच्या हिशेबाने मात्र कारागिराचा पुठ्ठा आणि गणितज्ञाचा कागद यांच्यात अद्याप फार अंतर आहे.

ते अंतर शाळेच्या वेळापत्रकात प्रथम पडते. कागद कार्यानुभवाच्या तासाला आणि सिद्धांत भूमितीच्या तासाला, अशी आपण वाटणी केली. एका तासाला बुद्धीस सुट्टी आणि दुसऱ्यास हातांना. सुंदर रावांनी ही वाटणी मोडली, परंतु घडीला कंपासाच्या सेवेत ठेवून अर्धवटच मोडली. या दोनशे वर्षांचा माझ्या मते खरा बोध हा, की कोणतेही साधन दुसऱ्या साधनाच्या मापाने मोजले तर ते त्याहून थोडके भरते, आणि त्याच्याच स्वभावाचा प्रश्न त्याला विचारला तर ते आपल्या मालकालाही मागे टाकते. मुलुंडच्या एखाद्या शाळेत मुलांनी बगळ्याच्या सपाट घड्या घातल्यावर गुरुजींनी तो उलगडावयास लावावा, आणि मधल्या एका बिंदूवरच्या डोंगरघड्या व दरीघड्या मोजून त्यांची वजाबाकी करावयास सांगावी. उत्तर दोन येईल. दुसऱ्या बिंदूवरही दोन, शेजारच्या मुलीच्या कागदावरही दोन. दोनच का, असे वर्गातून कोणीतरी विचारीलच, आणि त्या प्रश्नाला पुरा तास देण्याची मुभा गुरुजींना असली पाहिजे.